निवृत्त पुलाचा मालक कोण?

सांगलीत नवखा माणूस स्टेशन चौकात उतरतो आणि स्टेशन कुठं म्हणून विचारतो, तेव्हा रिक्षावाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिथं स्टेशन नाही. मीटरगेजच्या काळात होतं. ब्रॉडगेज आली, स्टेशन दुसरीकडं गेलं, नाव तेवढं चौकाला चिकटून राहिलं. आता तिथं सभा होतात, मोर्चे निघतात, वसंतदादांचं स्मारक आहे. रूळ नेमके कुठून जात होते ते सांगणारी माणसं कमी होत चाललीत.

मला याचं फारसं वाईट वाटत नाही. गाव वाढतं तसं ते आपल्या खुणा पुसत जातं. पण पुलाचं गणित वेगळं असतं. स्टेशन हलवलं की हललं. पूल हलत नाही. शेजारी नवा होतो, फीत कापली जाते, गाड्या तिकडं वळतात आणि जुना नदीत उभाच. त्याच्यावरून गाडी जात नाही म्हणून त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही, आणि लक्ष नाही म्हणून पोरं त्याच्यावर बसायला जातात.

१५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला आणि चार माणसं गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले आणि आपल्याकडंही चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपपर्यंत दोन तट पडले. एक म्हणतो, जुनं आहे ते सगळं पाडा, माणसाच्या जिवापेक्षा दगड मोठा नाही. दुसरा म्हणतो, हा वारसा आहे, हात लावाल तर याद राखा. दोघांचंही मला अर्धंच पटतं. दोघं भांडतात ते दगडावरून. मला विचारायचंय ते सातबाऱ्यावरून. रहदारी बंद झालेला पूल कुणाच्या नावावर असतो? त्याच्याकडं बघायला कोण जातं, कोणत्या महिन्यात जातं आणि कोणत्या वहीत लिहून ठेवतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सातासमुद्रापलीकडच्या एका पुलानं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात किंझुआ नावाचा ओढा आहे. ओढा लहान, पण त्याची दरी भलती खोल. १८८० च्या सुमारास तिथल्या जंगलापलीकडचा कोळसा बाहेर काढायचा होता. दरी चुकवून रूळ टाकायचे तर आठ मैलांचा खडतर वळसा. टॉमस केन नावाच्या जनरलनं सरळ दरीवरूनच पूल टाकायचं ठरवलं. १८८२ मध्ये तो झालाही, अवघ्या ९४ दिवसांत. उंची ३०१ फूट, म्हणजे ९२ मीटर. आपल्या कोयना धरणाची भिंत पायापासून १०३ मीटर आहे, त्यावरून अंदाज यावा. फक्त ही भिंत नव्हे, नुसता लोखंडी पायांचा सांगाडा, आणि त्याच्या माथ्यावरून आगगाडी. लांबी २,०५३ फूट. त्या घडीला जगातला तो सगळ्यात उंच रेल्वेपूल होता. दोनच वर्षांत फ्रान्समधल्या आयफेलच्या गाराबी पुलानं तो मान काढून घेतला. किंझुआच्या आराखड्यात ऑक्टाव्ह शनूट या अभियंत्याचा हात होता. याच शनूटनं पुढं राइट बंधूंना विमानाच्या खटपटीत सल्ला दिला. उंचावरच्या वाऱ्याचा विचार करायची सवय त्याला पुलावरच लागली असावी, असं आपलं मला वाटतं.

वीस वर्षांच्या आत गाड्या जड झाल्या आणि पूल हलका पडू लागला. १९०० साली घडीव लोखंडाचा सांगाडा उतरवून त्याच जागी पोलादाचा उभा केला. शे-दीडशे माणसं दिवसाला दहा तास खपून चार महिन्यांत हे काम झालं. तरीही वाऱ्याची आणि हादऱ्यांची धास्ती असायचीच. पुलावर गाडीला ताशी पाच मैलांची मर्यादा होती. आपल्याकडचा सायकलवाला घंटी वाजवत पुढं गेला असता.

पुढं १९५९ मध्ये रेल्वेनं हा मार्ग सोडला आणि पूल भंगारात विकला. इथं गोष्टीला वळण मिळतं ते असं की, ज्या भंगारवाल्यानं तो घेतला त्याला तो तोडवेना. धंदा भंगाराचा, समोर हजारो टन पोलाद, आणि हा माणूस म्हणतो की असा पूल पुन्हा होणार नाही. चार वर्षांनी, १९६३ मध्ये, राज्य सरकारनं कायदा करून तो विकत घ्यायचं ठरवलं आणि भोवतालच्या जागेचं उद्यान झालं. म्हणजे रेल्वेनं टाकलेल्या पुलाला आधी एक मालक मिळाला, मग दुसरा. मधल्या काळात तो बेवारस राहिला नाही. १९८७ पासून त्याच्यावरून पर्यटकांची गाडीही धावू लागली. २००२ मध्ये तपासणी करणाऱ्यांना लोखंड खाल्लेलं दिसलं. आधी गाडी बंद झाली, दोन महिन्यांत पायी जाणंही बंद झालं. मग दुरुस्ती सुरू झाली.

आणि दुरुस्ती चालू असतानाच, २१ जुलै २००३ च्या दुपारी, टॉर्नेडोचा, म्हणजे सोंडेसारख्या वावटळीचा झोत दरीत शिरला. पूल पेलणाऱ्या वीस मनोऱ्यांपैकी अकरा अर्ध्या मिनिटाच्या आसपास खाली. त्यातले तीन मनोरे वाऱ्यानं पायातून उचलून थोडे बाजूला सरकवले आणि पुन्हा उभेच ठेवले. ते एकमेकांना धरून होते ते फक्त माथ्यावरच्या रुळांनी. नंतरच्या झोतात तेही गेले. माणूस एकही दगावला नाही, कारण पूल वर्षभर बंद होता. त्यांचं बंद म्हणजे बंद होतं. दोरी लावून फलक टांगलेलं बंद नव्हतं.

चौकशी झाली तेव्हा कारण कुठं सापडलं? वादळात नव्हे, पायात. १९०० साली वरचा सांगाडा नवा आणला, पण तो ज्या बोल्टांनी दगडी पायाला बांधला ते बोल्ट १८८२ चेच ठेवले. जुना बोल्ट लांबवायला त्याच्यावर कॉलर बसवून पुढचा तुकडा जोडला. ते जोड शंभर वर्षं गंजत होते. काहींना तडेही गेले होते. वरून तीन हजार टनांहून जास्त पोलाद, आणि ते जमिनीला धरून ठेवणारी बोटभर खिळखिळी चीज. पोलाद नवं दिसत होतं म्हणून पुलाचं वयही नवं धरलं गेलं.

हे वाचताना मला माझे थोरले मामा आठवले. ते रेल्वेच्या पुलांच्या गँगमध्ये होते. मिरजेकडच्या गर्डरांवर त्यांची निम्मी नोकरी गेली. रिव्हेट, म्हणजे लोखंडाचे पत्रे जोडणारी ठोकलेली खीळ, तपासायची त्यांची रीत मी लहानपणी घरच्या लोखंडी कपाटावर पाहिली आहे, कारण सुटीत आम्ही भाचरं हट्ट करायचो. रिव्हेटच्या डोक्याला एका बाजूनं डाव्या हाताचं बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं हलक्या हातोडीचा टोला द्यायचा. घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही, नुसता ‘ठण्’ आवाज येतो. ढिला असेल तर आवाज बसका येतो आणि बोटाला बारीक थरथर लागते. मग त्याच्याभोवती खडूनं गोल करायचा आणि संध्याकाळी वहीत गर्डरचा नंबर, ओळ, रिव्हेट असं लिहायचं. मामी म्हणायच्या, ‘‘ह्यांना माणसाची नाडी कळत नाही, लोखंडाची कळते.’’ मामा म्हणायचे की रंगकामाच्या आधी बघायला पाहिजे, रंग बसल्यावर सगळेच पूल तरणे दिसतात.

रंग बसल्यावर तरणा दिसलेला आपल्या देशातला पूल म्हणजे गुजरातमधल्या मोरबीचा. २०२२ मध्ये डागडुजी करून तो झुलता पूल लोकांसाठी उघडला आणि चारच दिवसांत, ३० ऑक्टोबरला, तुटला. १३५ माणसं गेली. वरची फरशी नवी होती. पण तपासात दिसलं की मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून तुटलेल्या असाव्यात. वरून कीर्तन, आतून तमाशा. किंझुआचे बोल्ट आणि मोरबीच्या तारा यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो एवढाच की तिकडं शंका आली तेव्हा माणसं खाली उतरवली, इकडं तिकिटं लावून वर चढवली.

तेव्हा ‘जुना आहे म्हणून पडला’ हे वाक्य मला आळशी वाटतं. महाडचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा होता, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीनंतर आपण सगळ्यांनी दहा वेळा वाचलं. दोन एसटी आणि इतर गाड्या त्या पुरात गेल्या. पण त्या पुलाच्या शेजारी नवा पूल उभा होताच, आणि तरीही जुन्यावरून महामार्गाची वाहतूक चालू होती. धड निवृत्त नाही, धड कामावर नाही. म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवायचं, पण त्याच्या डोक्यावर पोतीही द्यायची, असा तो प्रकार. पुढं नवा पूल १६५ दिवसांत बांधून दाखवला. म्हणजे मनात आणलं तर यंत्रणा हलते हेही त्याच जागी सिद्ध झालं.

उलट उदाहरण आपल्याच उंबऱ्याशी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या. तेव्हाही धरण पाडा म्हणणारे असतीलच. भेगा भरल्या, भिंतीला मागून काँक्रीटचा आधार दिला, यंत्रं बसवली, नोंदी सुरू ठेवल्या. आज सातारा-सांगलीतलं प्रत्येक घर पावसाळ्यात कोयनेच्या टीएमसीचा आकडा विचारतं, त्यामागं हे रोज बघणारं कुणीतरी आहे. धरणाला हे मिळतं कारण त्याला मालक आहे. धरण विसरून चालत नाही. ते फुटलं तर आपण कुठं असू हे सगळ्यांना ठाऊक आहे.

विसरायला मुभा असते ती छोट्या पुलांच्या बाबतीत. आणि आपल्या भागात त्यांची खाण आहे. मिरज हे एकेकाळी तिन्ही गेज असलेलं जंक्शन. मोठी, मधली आणि १९२७ मध्ये येऊन पोचलेली बार्शी लाइटची छोटी गाडी. या छोट्या लाइनची २०१० च्या आसपास ब्रॉडगेज झाली आणि तिच्यावरून पुढं २०१६ च्या दुष्काळात कृष्णेचं पाणी घेऊन ‘जलदूत’ लातूरला गेली. आता पुणे-मिरज हा सुमारे २८० किलोमीटरचा मार्गही दुहेरी झाला. गेज बदललं की वळणं सरळ करतात, भराव सरकवतात, शेजारी नवा गर्डर पडतो. प्रत्येक वेळी मागं काहीतरी उरतं. कुठं दगडी मोरी, कुठं ओढ्यात दोन खांब, कुठं नुसता भराव आणि त्याच्यावर वाढलेली बाभळ. वर्तमानपत्रात नव्या मार्गाची बातमी येते. उरलेल्याची येत नाही.

आता आक्षेपांकडं येतो, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप पैशाचा. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात फरशी पूल पाण्याखाली जाऊन गावं तुटतात, तिथं वापरात नसलेल्या पुलावर पैसा का घालवायचा? याला किंझुआकडं चांगलं उत्तर आहे. पडलेला पूल पुन्हा बांधायला साडेचार कोटी डॉलरचा अंदाज होता. तिथल्या सरकारनं सरळ नाही म्हटलं. उरलेल्या मनोऱ्यांपैकी सहा मजबूत केले, त्यांच्यावरून दरीच्या मध्यापर्यंत चालत जाता येईल अशी वाट केली, टोकाला काचेची फरशी बसवली आणि २०११ मध्ये लोकांना उघडून दिली. खर्च ४३ लाख डॉलर, म्हणजे अंदाजाच्या दहावा हिस्सा. खाली कोसळलेले मनोरे जिथं पडले तिथंच ठेवले. लोक टोकाला जातात, २२५ फुटांवरून खाली बघतात आणि त्यांना वाकलेल्या लोखंडाचा ढीग दिसतो. मला यातलं प्रामाणिकपण आवडतं. पूल वाचला असं सोंग त्यांनी घेतलं नाही. आपल्याकडं असतं तर ढीग रातोरात उचलला असता, आणि कोनशिलेवर जीर्णोद्धार असा शब्द आला असता.

दुसरा आक्षेप पुराचा, आणि सांगलीत तो हसण्यावारी नेता येत नाही. आम्ही पुरातली माणसं आहोत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. नदीत उभा असलेला प्रत्येक निरुपयोगी खांब आणि पात्रात घुसलेला प्रत्येक भराव पाण्याला अडवतो, त्याला झाडं-ओंडके अडकतात, वरच्या अंगाला फुगवटा येतो. त्यामुळं कृष्णा-वारणेच्या पात्रातला एखादा जुना पूल पाण्याच्या हिशेबात अडथळा ठरत असेल तर तो काढावा, मी त्याच्या आड येणार नाही. मात्र हिशेब करून काढावा. आणि काढायचा तर पायासकट काढावा. वरचा भाग भंगारात घालून पाण्याखाली खुंट ठेवले तर होडीवाल्यांनी आणि पोहणाऱ्यांनी काय करायचं?

पण त्याच आयर्विनकडं दुसऱ्या अंगानं बघा. १९२९ चा दगडी पूल, सांगली संस्थानच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या काळातला, व्हाइसरॉयच्या नावाचा. शेजारी समांतर पूल झाला. उद्या याच्यावरून एकही गाडी गेली नाही तरी त्याचं काम संपत नाही. पाऊस लागला की आमच्याकडं ‘‘जेवलात का?’’च्या आधी ‘‘आयर्विनला किती झालं?’’ हा प्रश्न येतो. त्या एका आकड्यावर व्यापारी दुकानातला माल वरच्या फळीवर चढवतात, गोठ्यातली जनावरं हलतात, मुलीला माहेरून फोन येतो. माझ्या शेजारच्या काकूंना अक्षर ओळखायला त्रास होतो, पण आयर्विनचा ४० म्हणजे गाठोडं बांधायचं आणि ४५ म्हणजे निघायचं, हे त्यांना पाठ आहे. पाणी मोजायची ही पट्टी उचलून दुसऱ्या पुलावर लावता येईलही. पण २००५ आणि २०१९ आम्ही त्याच दगडांवर मोजलेत. तुलना करायची ती जागा न बदलता. हा पूल ठेवायचा तो शोभेसाठी नव्हे, मोजमापासाठी. असं ठोस काम दाखवता आलं की वारसा हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नव्या पुलाला मंजुरी देताना जुन्याचं काय करणार हे त्याच कागदावर लिहा आणि त्याची रक्कम त्याच अंदाजपत्रकात धरा. पाडणार असाल तर तारीख घाला. ठेवणार असाल तर कुणाच्या ताब्यात, वर्षातून किती वेळा तपासणार, आणि तपासणीचा कागद गावाला कुठं बघायला मिळणार ते घाला. बंद करणार असाल तर दोन्ही तोंडाला भिंत घाला, कारण फलक वाचून माघारी फिरणारा पर्यटक अजून महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे. पुलाखालच्या ग्रामपंचायतीला यात बोलायला जागा हवी. पूल नेमका कुठल्या बाजूनं ढासळतोय हे मेंढपाळाला अभियंत्याच्या आधी दिसतं. यात नवीन कायदा लागत नाही. फीत कापायच्या आधी एक सही जास्त लागते.

मला विचाराल तर बहुतेक जुने छोटे पूल या चाळणीत टिकणार नाहीत आणि पाडले जातील. जाऊ देत. निर्णय होऊन पाडलेल्या पुलाचं मला दुःख नाही.

मिरजेच्या पूर्वेला, छोट्या लाइनच्या जुन्या भरावात एक दगडी मोरी आहे. कमान जेमतेम माणूस वाकून जाईल एवढी. काळ्या दगडाचे घडीव चिरे, सांध्यात चुना, कमानीचा मधला दगड अजून जागचा हललेला नाही. एका बाजूला पांढऱ्या चौकटीत काळ्या रंगानं घातलेला मोरीचा नंबर अर्धा पुसलाय. उन्हाळ्यात मेंढरं तिच्या सावलीला बसतात. ही मोरी कुणाची आहे हे मी दोन वर्षांपूर्वी माहितीच्या अधिकारात विचारलं. एका कार्यालयानं कळवलं की सदर जागा आमच्या अखत्यारीत येत नाही, अर्ज पुढं पाठवला आहे. ज्यांच्याकडं पाठवला त्यांनी कळवलं की आमच्या अभिलेखात अशी मोरी आढळून येत नाही. तिसऱ्यांनी जागेचा नकाशा माझ्याकडंच मागितला. मी फोटो जोडला, नंबर जेवढा वाचता येतो तेवढा लिहिला, अपील केलं. त्याची तारीख लागायची आहे.

मागच्या आठवड्यात जाऊन आलो. वरच्या थरातले चार चिरे जागेवर नव्हते. भरावाखाली ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे माग होते.